वाचकांचे प्रश्न : वाळवंटी झुडपातील बुरशी आणि कर्करोगावरील औषध

प्रश्न : वाळवंटातील झाडांच्या आत राहणाऱ्या बुरशीपासून कर्करोगावर औषध मिळते, असे वाचनात आले. बुरशी म्हणजे रोग, असेच आम्ही शेतकरी समजतो. मग ती आत राहूनही झाड जगते कसे? आमच्या माळावर निवडुंग भरपूर आहे. त्याचा रस घेतल्यास तोच गुण येईल का? – एक वाचक, जत (जि. सांगली)

उत्तर : द्राक्षावरची भुरी आणि करपा पाहिलेल्या शेतकऱ्याला बुरशी म्हणजे नुकसान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु निरोगी दिसणाऱ्या बहुतेक झाडांच्या पानांत, खोडांत आणि मुळांत अशा काही बुरशी राहतात की त्यांच्यामुळे झाडावर रोगाचे कोणतेही लक्षण उमटत नाही. झाडाकडून त्यांना आसरा आणि अन्न मिळते. झाड दुबळे झाले तर त्यांतील काही उलटतातही. त्यामुळे हा सहवास कायमच्या मैत्रीचा असतो असे समजू नये.

ही बुरशी खरोखर आतलीच आहे, वरच्या धुळीतली नाही, हे ठरवण्याची रीत मला फार आवडते. फांदीचा तुकडा धुऊन अल्कोहोलमध्ये आणि मग निर्जंतुक करणाऱ्या ब्लीचच्या द्रावणात थोडा वेळ बुडवतात, म्हणजे बाहेरचे सारे जंतू मरतात. नंतर तो निर्जंतुक पाण्याने खळबळून, कापून, बटाट्याचा अर्क आणि साखर घातलेल्या अगर या जेलीसारख्या पदार्थाच्या थरावर ठेवतात. शेवटच्या धुण्याचे पाणीही वेगळ्या बशीत पसरून ठेवतात. त्या बशीत काही उगवले नाही आणि तुकड्याच्या कापलेल्या कडेतून मात्र कापसासारखे धागे बाहेर आले, तरच ती बुरशी आतली मानतात.

आपण वाचलेली माहिती बहुधा अमेरिकेतील सोनोरन वाळवंटाशी संबंधित असावी. ॲरिझोना विद्यापीठात मूळचे श्रीलंकेचे रसायनशास्त्रज्ञ लेस्ली गुणतिलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील वनस्पतींशी निगडित बुरशींचा दीर्घकाळ अभ्यास केला. एफेड्रा हे पाने जवळजवळ नसलेले, हिरव्या सांधेदार काड्यांचे झुडूप आहे. त्याचीच एक जात आपल्याकडे राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागांत आढळते. सोनोरन वाळवंटातील एफेड्राच्या खोडातून त्यांना किटोमियम वर्गातील एक बुरशी मिळाली आणि तिच्यातून रॅडिसिकॉल हे संयुग निघाले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात हे काम आले. संयुग मात्र नवे नव्हते. १९५३ सालीच ते दुसऱ्या एका बुरशीत सापडले होते. त्याचेच जवळचे भावंड असलेले मोनोसिलिन एका निवडुंगाच्या मुळांभोवतीच्या मातीतील बुरशीकडून मिळाले. ही दुसरी बुरशी झाडाच्या आतली नव्हे, मुळांच्या शेजारची, हा फरक बातम्यांमध्ये बहुधा गळून पडतो.

ही दोन्ही संयुगे पेशीतील हीट शॉक प्रथिन ९० याला अडवतात. इतर प्रथिनांची घडी नीट बसवणे आणि ती टिकवणे हे या प्रथिनाचे काम. कर्करोगाच्या पेशी ज्या प्रथिनांच्या जोरावर वाढतात, त्यांपैकी अनेकांना याचाच आधार असतो. आधार काढला की ती कोसळतात. वनस्पतीत मात्र याच अडवणुकीचा निराळा उपयोग दिसतो. हीट शॉक प्रथिन ९० एरवी उष्णतेपासून बचाव करणाऱ्या जनुकांच्या स्विचला दाबून धरते. ते अडले की स्विच सुटतो आणि झाड ऊन तापण्याआधीच तयारीला लागते. २००७ साली निवडुंगाजवळच्या त्या बुरशीच्या सान्निध्यात वाढवलेल्या ॲराबिडॉप्सिस या प्रयोगातील रोपांनी उष्णता अधिक सोसल्याचे दाखवले गेले. होरपळणाऱ्या वाळवंटातच ही संयुगे भेटावीत, यात मला तरी मोठा अर्थ दिसतो.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उघड झाली. त्या बुरशीच्या खाद्यात नळाच्या पाण्याऐवजी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी वापरले, तेव्हा तिने आधी माहीत नसलेली ६ संयुगे तयार केली. एफेड्रातील बुरशीला घट्ट अगरऐवजी पातळ द्रवात वाढवले, तर तिने रॅडिसिकॉल सोडून वेगळेच संयुग बनवले. म्हणजे कोणत्या परिस्थितीत वाढली, यावर बुरशी काय देईल हे ठरते.

आता औषधाविषयी. परीक्षानळीत प्रभावी ठरलेले रॅडिसिकॉल प्राण्यांच्या शरीरात टिकत नाही, म्हणून ते स्वतः औषध झाले नाही. त्याच्या रचनेचा धागा धरून पुढे इतर रेणू घडवून पाहिले गेले. या प्रथिनाला अडवणारे पिमिटेस्पिब हे औषध २०२२ साली जपानमध्ये पचनमार्गातील एका दुर्मीळ अर्बुदासाठी (गाठीसाठी) मान्य झाले, पण तेही बुरशीतून काढलेले नसून प्रयोगशाळेत घडवलेले आहे. ‘औषध सापडले’ असा मथळा रुग्णाच्या घरी किती आशा जागवतो, हे लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवे.

म्हणूनच निवडुंगाचा रस घेऊन हा गुण येईल, असे मुळीच समजू नये. प्रयोगशाळेत वेगळी काढून पोसलेली बुरशी जे बनवते, ते माळावरच्या झाडाच्या रसात असेलच असे नाही. शिवाय आपण ‘निवडुंग’ म्हणतो त्यात दोन अगदी वेगळी कुळे येतात. फड्या निवडुंग हा अमेरिकेतून आलेला खरा कॅक्टस. पण दांड्यांतून पांढरा चीक गळणारे, कुंपणाला लावतात ते निवडुंग एरंडाच्या कुळातले. त्यांचा चीक त्वचा भाजतो, पोटात गेल्यास इजा करतो आणि डोळ्यात उडाल्यास दृष्टीला धोका पोहोचवू शकतो. कुंपण छाटताना तो डोळ्यात गेला, तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.