एकाच नावाचे चार चेकबॉक्स असले, तर सर्व्हरवर एकच व्हॅल्यू का मिळते?

तुम्ही लिहिलंय की ‘रंग’ नावाचे चार चेकबॉक्स आहेत, तिघांवर टिक केली तरी पीएचपीत (सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत) फक्त शेवटचा रंग हाती येतो, आणि तोच फॉर्म सहकाऱ्याने जावात वाचला तर पहिला येतो. मग चूक कोणाची?

ब्राउझरची तर नाहीच. डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये ती रिक्वेस्ट उघडून बघा: रंग=लाल&रंग=निळा&रंग=पिवळा असं तिन्ही गेलेलं दिसेल (मूळ रूपात बघितलंत तर देवनागरीच्या जागी टक्क्याची चिन्हं आणि आकडे असतील). एचटीएमएलमध्ये एक नाव कितीही वेळा वापरता येतं आणि फील्ड पानावरच्या क्रमानेच जातात. गळती होते ती सर्व्हरवर, ही ओळ फोडताना. तिथे प्रत्येक भाषेने आपापला नियम केलाय.

पीएचपी आधीची व्हॅल्यू पुसून नवी ठेवते, म्हणून शेवटची उरते. फॉर्ममध्ये नाव ‘रंग[]’ असं लिहा, की अ‍ॅरे, म्हणजे व्हॅल्यूंची यादी, मिळेल. जावा सर्व्हलेटमध्ये (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या जावा कोडमध्ये) गेटपॅरामीटर पहिली देतं, सगळ्या हव्या तर गेटपॅरामीटरव्हॅल्यूज. पायथनमध्ये तर दोन फ्रेमवर्कची तोंडं दोन दिशांना: साधं नाव घेऊन मागितलं तर जँगो शेवटची देतं आणि फ्लास्क पहिली. सुदैवाने सगळ्या व्हॅल्यू देणारं गेटलिस्ट दोन्हीकडे आहे. मायक्रोसॉफ्टचं जुनं एएसपी सगळ्या व्हॅल्यू स्वल्पविरामाने जोडून एकच स्ट्रिंग (सलग मजकूर) हातात ठेवतं. एखाद्या व्हॅल्यूतच स्वल्पविराम असला तर ती परत नीट तोडता येत नाही.

मला सर्वांत धोकादायक वाटते ती नोडची, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टची, पद्धत. तिथे दोन रंग निवडले तर अ‍ॅरे मिळतो, एकच निवडला तर साधी स्ट्रिंग. मी यात फसलोय. चाचणी करताना प्रत्येक वेळी दोन-तीन पर्याय निवडले होते, त्यामुळे सगळं ठीक वाटलं. मग कोणीतरी फक्त ‘निळा’ निवडलं. माझा लूप त्या स्ट्रिंगवरून अक्षर-अक्षर फिरला आणि डेटाबेसमध्ये न, ि, ळ, ा अशा चार नोंदी पडल्या. सुटी वेलांटी आणि सुटा काना रंग म्हणून साठवलेले बघून मला आधी एन्कोडिंगचाच संशय आला, आणि अर्धा दिवस त्यातच गेला. तेव्हापासून मी फॉर्ममधून आलेली गोष्ट लूपला देण्याआधी अ‍ॅरे आहे का ते तपासतो, नसेल तर अ‍ॅरेत घालतो.

हे सुरक्षेपर्यंत जातं. पर्ल भाषेच्या सीजीआय मॉड्यूलमधलं, फॉर्ममधली व्हॅल्यू देणारं ‘पॅरम’ जिथे यादी चालते अशा ठिकाणी वापरलं, तर त्या नावाच्या सगळ्या व्हॅल्यू ओळीने ओतून देतं. 2014 साली बगझिलामध्ये (सॉफ्टवेअरमधल्या चुका नोंदवायच्या प्रणालीत) नेमकं हेच सापडलं. खातं उघडताना खऱ्या नावाचं फील्ड अनेकदा पाठवलं, की जादाच्या व्हॅल्यू शेजारच्या हॅशमध्ये (नाव-व्हॅल्यूच्या जोड्यांच्या यादीत) शिरून लॉगिनचं नाव बदलून टाकायच्या. त्यामुळे पडताळणी न झालेल्या, दुसऱ्याच्या ईमेल पत्त्यावर खातं उघडता येत होतं.

म्हणून यादी हवी असेल तर यादीच मागा, एक हवी असेल तर एकच मागा. भाषा आपणहून काय देते यावर विसंबू नका.

तुमच्या फॉर्मपुरतं: ‘रंग[]’ करा, पण एकही टिक नसेल तर ते फील्ड सर्व्हरकडे येतच नाही, तेव्हा पीएचपीच्या इसेटने ते आलंय का तपासा, आणि नसेल तर रिकामा अ‍ॅरे धरा. आणि पुढे ओळीओळींचा तक्ता करणार असाल, प्रत्येक ओळीत एक मजकूर आणि एक चेकबॉक्स, तर रिकामे कंस वापरू नका. टिक नसलेल्या ओळी गळतात आणि तिसऱ्या ओळीची टिक दुसरीला चिकटते. तिथे ‘निवड[3]’ असा क्रमांक स्वतः घाला.