बंद कपाटातील उपकरणांसाठी एकच रिमोट

प्रश्न : आमचा एव्ही रिसीव्हर, ब्लू-रे प्लेअर आणि सेट-टॉप बॉक्स लाकडी दाराच्या कपाटात आहेत. दार न उघडता सर्व चालवण्यासाठी कोणता युनिव्हर्सल रिमोट घ्यावा?

उत्तर : साध्या रिमोटचे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण लाकडातून आरपार जात नाहीत, त्यामुळे केवळ भरपूर बटणांचा रिमोट घेऊन अडचण सुटणार नाही. रेडिओ लहरींवर चालणारा आणि सोबत हब असलेला रिमोट घ्यावा. त्याचा संदेश दारातून हबपर्यंत पोहोचतो आणि हब तो अवरक्त संकेतात बदलून बारीक तारांच्या टोकांवरील एमिटरमार्फत उपकरणांना देतो. डाळीएवढा हा एमिटर उपकरणाच्या दर्शनी भागातील सेन्सरवर नेमका चिकटवावा लागतो. बोटभर जरी सरकला तरी उपकरण कधी ऐकते, कधी नाही. हातातला रिमोट बदलायचा नसेल, तर कपाटाबाहेर रिमोटचा संकेत टिपणारा छोटा रिसीव्हर बसवून आत एमिटर नेणारा इन्फ्रारेड रिपीटर पुरतो आणि माझ्या मते पुष्कळ घरांत तोच शहाणपणाचा पर्याय असतो.

लॉजिटेक कंपनीने आपल्या हार्मनी या युनिव्हर्सल रिमोटचे उत्पादन २०२१ मध्ये थांबवल्यामुळे जुना संच घेताना विचार करावा. पुढे केवळ ब्लूटूथवर चालणारे एखादे स्ट्रीमिंग उपकरण जोडणार असाल, तर एमिटर त्याच्यापुढे निरुपयोगी ठरेल. तेव्हा हब ब्लूटूथ संकेतही पाठवतो ना, हे खरेदीपूर्वी तपासावे. (एव्ही रिसीव्हर बराच तापतो, बंद कपाटात हवा खेळती राहील अशी सोय आधी करावी.)