माउंट ॲथॉस हा ग्रीसमधील हाल्किदिकी जिल्ह्याचाच भाग आहे का?

नाही, भूगोलाच्या दृष्टीने ॲथॉस हे हाल्किदिकीच्या तीन चिंचोळ्या द्वीपकल्पांपैकी सर्वांत पूर्वेकडचे असले, तरी प्रशासनाच्या दृष्टीने ते त्या जिल्ह्यात मोडत नाही. थेसालोनिकी शहराच्या आग्नेयेला एजियन समुद्रात शिरलेल्या या भूभागापैकी कासांद्रा आणि सिथोनिया ही दोन द्वीपकल्पे व उत्तरेकडचा मुख्य भाग मिळून हाल्किदिकी जिल्हा होतो. तो मध्य मॅसिडोनिया या प्रांतात येतो, त्याचे मुख्यालय पोलिगिरोस आहे आणि 2011 च्या फेररचनेपासून त्यात अरिस्टॉटेलिस, कासांद्रा, निआ प्रोपोंतिदा, पोलिगिरोस आणि सिथोनिया या पाच नगरपालिका आहेत. ॲथॉसला मात्र ग्रीक राज्यघटनेच्या 105 व्या कलमाने स्वायत्तता दिली असून तेथील कारभार 20 ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठांचे प्रतिनिधी कारिएस येथून पाहतात, तर ग्रीक शासनाचा राज्यपाल परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो. गोंधळाचे कारण नकाशातच आहे, कारण त्याच द्वीपकल्पाच्या मुळाशी असलेले उरानुपोली हे गाव अरिस्टॉटेलिस नगरपालिकेत, म्हणजे जिल्ह्यातच, येते आणि ॲथॉसची हद्द त्याच्या पुढे सुरू होते. यात्रेकरू तेथून बोटीने ॲथॉसला जातात, स्त्रियांना मात्र ॲथॉसमध्ये प्रवेश नाही. लोकसंख्येचे आकडे वाचतानाही हा भेद पाळावा लागतो: 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 1,06,000 होती, तर ॲथॉसची, वेगळी मोजलेली, दोन हजारांच्याही आत. अर्थात हे आकडे कायम रहिवाशांचे आहेत. उन्हाळ्यात पर्यटकांमुळे कासांद्रा आणि सिथोनियातील प्रत्यक्ष वस्ती याहून कितीतरी अधिक असते.