ती वाचत राहिली, तो झोपला

गेल्या अंकात चार्ल्स आणि एमा डार्विन यांच्या घराबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. ती त्याला कादंबऱ्या वाचून दाखवायची आणि गावातल्या गरजूंचं बघायची, एवढंच. पण आलेल्या पत्रांत डार्विन कमी आणि आपापले नवरे-बायका जास्त! बरं झालं. त्यातली तीन पत्रं घेतली आहेत. नावं छापत नाही.

प्रश्न : माझे यजमान विज्ञान आणि अर्थकारण सोडून काही वाचत नाहीत, मला कादंबरीशिवाय चैन पडत नाही. तुमचं वाचून मी रोज त्यांना अर्धा तास वाचून दाखवायला लागले. चौथ्या पानाला घोरायला लागतात. मला फार लागतं ते. बंद करू का?

उत्तर : ताई, मुळीच नको. डार्विनसुद्धा झोपायचा. त्याचा मुलगा फ्रान्सिस याने वडिलांच्या आठवणींत हे सगळं लिहून ठेवलं आहे. दुपारी तीनच्या सुमारास पत्रं उरकली की डार्विन वर झोपायच्या खोलीत जाई, सोफ्यावर आडवा होई, सिगारेट ओढी आणि एमा त्याला वाचून दाखवी. विज्ञान सोडून काहीही, बहुतेक वेळा कादंबरी. ऐकता ऐकता त्याचा डोळा लागे. एमा मात्र थांबत नसे, कारण आवाज थांबला तर त्याला जाग येईल. उठल्यावर मधला भाग हुकला म्हणून तो हळहळे.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते. ऐकणारं कोणी नाही हे तिला ठाऊक आहे, तरी ती पुढचं पान उलटते. गोष्ट ऐकवणं तर कधीच मागे पडलेलं असतं, उरतं ते त्याची झोप राखणं. तुमच्या यजमानांना तुमच्या आवाजात झोप लागते, ही तक्रार आहे की दाद, ते तुम्हीच ठरवा.

आणि आवड जुळायलाच हवी असं कुठे आहे? डार्विनने आत्मचरित्रात सगळ्या कादंबरीकारांना दुवा दिला आहे. अट एकच, शेवट दुःखी नको. दुःखी शेवटाविरुद्ध कायदाच करायला हवा, असं त्याने लिहिलंय. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण कादंबरीकडून त्याला विसावा हवा होता, बाकी काही नाही. पुस्तकांची पूजा करणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत सांगते. पुस्तक हातात जड झालं की तो ते सरळ मधोमध कापायचा! हे मी आमच्या घरी सांगितल्यापासून आमच्यातला एक कात्री लपवून ठेवतो.

आमच्याकडे पाळी उलटी आहे. हे वाचतात, मी झोपते. परवा एका नायिकेचं लग्न माझ्या डुलकीत लागून गेलं. सकाळी मागचा भाग सांगताना यांना नायिकेचं नाव आठवेना, तेव्हा कळलं की वाचणाराही झोपेतच होता. एक सोय सुचवते. जिथे त्यांचा डोळा लागला तिथे पानाच्या कडेला शिसपेन्सिलीने बारीक टिंब द्या. दुसऱ्या दिवशी तिथून सुरू करा. झोपलात म्हणून बोल लावायचा नाही.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त. दरवर्षी ठरावीक रक्कम दानासाठी बाजूला काढतो. पत्नी श्रद्धाळू आहे, मी नाही. तिला धर्मसंस्थेच्या कामाला द्यायचं असतं, मला संशोधनाला किंवा शिक्षणाला. वाद होतात, वर्ष संपतं आणि पैसे जागचे हलत नाहीत. एकत्र ठरवावं की आपापलं?

उत्तर : मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, म्हणून आधी तेच सांगते. बाजूला काढलेली रक्कम म्हणजे दान नव्हे. ती तुमचीच शिल्लक, फक्त दुसऱ्या कप्प्यात. तिच्यावर पुण्य जमा होत नाही, फार तर व्याज.

आता मतभेदाचं. श्रद्धेवरून डार्विन आणि एमा यांच्या मनात जितकी दरी होती तितकी तुमच्यात नसावी. १८३९ मध्ये लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत एमाने त्याला पत्र लिहिलं. एकाच घरात राहून पत्र. त्याच्या शंकांची तिला भीती वाटत होती. ते पत्र त्याने जन्मभर जपलं आणि त्यावर लिहून ठेवलं की, मी गेल्यावर तुला कळू दे, कितीदा मी याचं चुंबन घेतलं आहे आणि यावर रडलो आहे. पुढे रविवारी घरची मंडळी चर्चमध्ये जात, तो बाहेर फेऱ्या मारी. मत बदलायला कोणीच लावलं नाही, आणि बदललंही नाही.

देण्याचे मात्र दोन हात आणि एक घर. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या डाऊन या त्यांच्या गावात एमा गरजूंना एका पेनीच्या पावाच्या चिठ्ठ्या द्यायची. चिठ्ठी गावातल्या पाववाल्याकडे दिली की पाव मिळे. औषधंही तीच द्यायची. डार्विनचा हात निराळा. गावातल्या परस्पर मदत मंडळाचा तो तीस वर्षं खजिनदार होता. कष्टकऱ्यांनी वर्गणी भरायची आणि आजारपणात त्यातून आधार मिळवायचा, असं ते मंडळ. हिशेब चोख, शेवटच्या पैपर्यंत. दरवर्षी व्हिटसन या ख्रिस्ती सणाच्या सोमवारी सभासद बँड आणि निशाणं घेऊन त्याच्या घरासमोरच्या हिरवळीवर येत, आणि हा तिथे उभा राहून मंडळाची आर्थिक स्थिती समजावून सांगे, मधे मधे तेच ते जुने विनोद पेरत. माझ्या पेशातल्या माणसाला यापेक्षा गोड दृश्य नाही. जगाला उत्क्रांती शिकवणारा माणूस ताळेबंद वाचतोय आणि समोरच्यांना पुढचा विनोद आधीच पाठ आहे!

काही कामं दोघांनी मिळून केली. जंगली जनावरांसाठी लावलेल्या लोखंडी सापळ्यांत पाय चिरडलेला प्राणी रात्रभर तडफडत राहतो, त्याविरुद्ध १८६३ मध्ये त्यांनी एक आवाहन काढलं. त्यात एमाचा वाटा मोठा होता. १८७३ मध्ये गावातल्या कष्टकऱ्यांना हिवाळ्यातल्या संध्याकाळी बसून वाचता यावं म्हणून शाळेची खोली मिळवायची खटपटही दोघांचीच.

आणि हे खास तुमच्यासाठी. श्रद्धा नसलेल्या या माणसाने दक्षिण अमेरिकेतल्या ख्रिस्ती मिशनला वर्गणी पाठवली आहे. तरुणपणी डार्विनने ज्यावरून सफर केली त्या बीगल जहाजावरचा जुना सोबती सलिव्हन त्या मिशनचं काम बघत होता. टिएरा देल फ्यूगो या दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या बेटांवरच्या लोकांत काही बदल घडणार नाही, असं डार्विनचं ठाम मत होतं. घडलेला बदल कळल्यावर आपण चुकलो हे त्याने मान्य केलं आणि पैसे धाडले. देव पटला म्हणून नव्हे, काम पटलं म्हणून. तुम्ही पत्नीला ‘कुठल्या संस्थेला?’ असं विचारता. एकदा ‘कुठल्या कामाला?’ असं विचारून पाहा.

उलट दिशेचा विश्वासही बघा. १८४४ मध्ये आपल्या उत्क्रांतीच्या सिद्धांताचा कच्चा मसुदा झाला, तेव्हा त्याने एमाच्या नावाने पत्र लिहून ठेवलं. मी अचानक गेलो तर हा छापण्यासाठी ४०० पौंड खर्च कर. ज्या लिखाणाने तिच्या श्रद्धेला धक्का बसणार, ते त्याने तिच्याच हाती सोपवलं. ती ते करील याबद्दल त्याला शंका नसावी.

आमच्या घरच्या वहीत तीन रकाने आहेत. ‘ते’, ‘मी’ आणि ‘दोघं’. पहिल्या दोन रकान्यांत दुसऱ्याने नाक खुपसायचं नाही. तिसऱ्यात दोघांचं एकमत लागतं, आणि ठरलेल्या महिन्यापर्यंत एकमत झालं नाही तर ती रक्कम आदल्या वर्षीच्या कामाला जाते, वाद बंद. एकदा यांनी ओळखीच्या माणसाच्या संस्थेला त्यांच्या रकान्यातून पैसे दिले. पावती आजतागायत आलेली नाही. मी काही बोलले नाही. वहीत पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं, तेवढा अधिकार हिशेबतपासनिसाला असतो.

प्रश्न : मी घरून काम करते. पाच वर्षांचा मुलगा दर दहा मिनिटांनी दारात. रागावले की मलाच वाईट वाटतं. डार्विनच्या घरी दहा मुलं होती म्हणतात, मग त्याने लिहिलं कसं?

उत्तर : दहा झाली, सात मोठी झाली. दहा वर्षांची अ‍ॅनी १८५१ मध्ये गेली, त्या घरात ती जखम कधी भरली नाही. तेव्हा मुलांनी दार वाजवणं हा त्याला नुसता त्रास वाटत असेल असं मला वाटत नाही. त्यांच्यातला एकजण, वय जेमतेम चार, कामाच्या वेळात खेळायला यावं म्हणून वडिलांना सहा पेन्सची लाच द्यायला गेला होता.

युक्ती विचारलीत तर एकच सांगते, दाराशी कागद ठेवा. तुमचे वापरून झालेले, मागची बाजू कोरी असलेले. डार्विन कागदाच्या बाबतीत भारी काटकसरी होता, आणि त्याच्या हस्तलिखिताची पानं मुलांच्या हाती जायची. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या त्याच्या उत्क्रांतीवरच्या ग्रंथाच्या मूळ हस्तलिखिताची बहुतेक पानं आज नाहीत. जी थोडी उरली, त्यांतली काही जपली गेली ती पाठीमागच्या चित्रांमुळे. एकावर फळं-भाज्यांवर बसून लढणारे शिपाई आहेत, रंगीत.