कथा माझी, पण पाठवता येईना

कार्यशाळेत लिहिलेली कथा आयोजकांनी संग्रहात घेतली आणि आता स्पर्धेवाले ‘अप्रकाशित हवी’ म्हणतायत, हे तुझं वाचलं आणि एकोणिसाव्या वर्षीचा मीच आठवलो. (वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग नसावा.)

माझी चूक सहीची. पहिल्या दिवशी चहाच्या रांगेत उभ्या-उभ्या एक फॉर्म हातात दिला. नाव, वय, फोन, आणि तळाशी बारीक अक्षरात एक ओळ: ‘सदर कार्यशाळेतील साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील.’ पुढच्याच्या पाठीवर कागद टेकवून मी सही ठोकली. वर्षभराने एका मासिकाने कथा स्वीकारली, तेव्हा ती पीडीएफ संग्रहात आधीच येऊन गेल्याचं कळलं. आयोजकांच्या कार्यालयात मेल केले. ‘विषय समितीपुढे ठेवला आहे.’ महिन्याने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच वाक्य, स्वल्पविरामासकट. चार महिन्यांनी फोन उचलला त्या बाईंनी उलट विचारलं, “पण तुम्हाला प्रमाणपत्र मिळालं ना?”

मी वकील नाही, तुझा फॉर्म पाहिलेला नाही, तेव्हा हे अनुभवाचे बोल समज. कॉपीराइट नोंदणीने मिळत नाही. लेखक-कलावंतांच्या हक्कांसाठीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात १९०८ सालच्या दुरुस्तीने आलेलं तत्त्व आहे, लिहिलं की हक्क लिहिणाऱ्याचा. तो जातो तो आपल्याच सहीने. म्हणून हक्क देणं वेगळं आणि छापायची परवानगी देणं वेगळं, एवढं डोक्यात ठेव. पुढच्या वेळी ती ओळ सरळ खोड, वर लिही ‘या संग्रहात एकदा छापण्यास परवानगी, बाकी हक्क लेखकाकडे’, शेजारी सही कर, त्यांचीही घे आणि फोटो काढून ठेव. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. माझं तर स्पष्ट मत आहे, शिकवण्याच्या बदल्यात पोरांच्या कथा कायमच्या ठेवून घेणाऱ्यांना कार्यशाळा म्हणूच नये. आणि आत्ताच्या स्पर्धेबद्दल म्हणशील तर लपवू नकोस, आधी संयोजकांना विचार. काही ठिकाणी खासगी वाटलेला संग्रह ‘प्रकाशित’ धरत नाहीत.

जाता जाता, तू विचारलं नाहीस तरी. कार्यशाळेत कथेवर चर्चा चालू असताना तिच्या लेखकाने गप्प बसायचं ही पद्धत १९३६ साली सुरू झालेल्या, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या लेखन-कार्यशाळेमुळे रुळली. ती मला अर्धीच पटते, पण त्या गप्प वेळात टिपणं घ्यायला हरकत नाही. तिघं एकाच परिच्छेदात अडखळले तर तो परिच्छेद बघ, मात्र त्यांनी सुचवलेला उपाय घेऊ नकोस. मी बारा जणांचे बारा उपाय घेतले होते. बंद पडलेला रेडिओ उघडून एक स्क्रू खिशात लपवणारा मुलगा होता कथेत. तो का लपवतो, हे शेवटी दीड पान समजावून सांगितलं.

संग्रहात तीच दीड पानवाली आवृत्ती आहे, माझ्या आडनावातली वेलांटी चुकवून.