पिंपातला ऊस गोड का होत नाही?

प्रश्न: चघळायला आणलेल्या उसाचे तीन तुकडे कुंडीत लावले. महिना झाला तरी कोंब नाही. उकरून पाहिलं तर तुकडे आतून लालसर-काळे झाले होते आणि पिकलेल्या अननसासारखा वास येत होता.

वासानेच निदान केलं. हा बेणं, म्हणजे लागणीचे तुकडे, कुजवणारा बुरशीजन्य रोग. बुरशी कापलेल्या टोकांतून आत शिरते. माती गार आणि चिंब असली की डोळा, म्हणजे पेरावरचा अंकुर, फुटायला वेळ लागतो आणि तोवर बुरशी कांडीतली साखर फस्त करते. डोळ्याला 26 ते 33 अंश तापमान मानवतं. 20 च्या खाली उगवण रेंगाळते, म्हणून थंडीत लागण करू नये.

दुसरी शंका बेण्याची. चघळायचा ऊस बहुधा पक्व, सुकत आलेला आणि डोळे ठेचलेला असतो. सोललेला किंवा मेण लावलेला तुकडा तर लावूच नका. बेण्याला 9-10 महिन्यांचा निरोगी ऊस घ्या आणि त्याचा वरचा तिसरा भाग वापरा. तिथले डोळे कोवळे असतात, लवकर फुटतात. अख्खा ऊस पुरला तर शेंड्याकडचे डोळे फुटून खालच्यांना दाबून ठेवतात. म्हणून दोन-दोन डोळ्यांच्या टिपऱ्या करा. काप धारदार कोयत्याने, डोळ्यापासून निदान 3-4 सेंमी दूर. टोक चिरफाळलं तर ती टिपरी बाजूला टाका.

लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून टिपऱ्या 10 मिनिटं बुडवा. हातमोजे घाला, आणि बुडवलेल्यातलं उरलंसुरलं कुणी चघळणार नाही एवढं पाहा. टिपरी आडवी ठेवायची, डोळे दोन्ही बाजूंना, वर 3-4 सेंमी माती. डोळा खाली गेला तर कोंबाला वळसा घालून वर यावं लागतं. पाणी ओलाव्यापुरतंच. टिपरीतून आधी फुटणारी मुळं तात्पुरती असतात. कोंबाला स्वतःची मुळं फुटेपर्यंत तो टिपरीतल्या साठ्यावरच बराचसा जगतो, म्हणून या काळात युरिया देऊन फायदा नाही.

प्रश्न: गच्चीवर केवढी कुंडी लागेल?

कुंडी नको, 60 लिटरचं पिंप घ्या. तळाला 8-10 भोकं पाडा. निम्मी माती, उरलेल्यात कुजलेलं शेणखत जास्त आणि वाळू कमी. पिंप काठोकाठ भरू नका. वरचा 15 सेंमी भाग रिकामा ठेवा, तो पुढे भर लावायला लागतो. एका पिंपात दोन टिपऱ्या पुरेत. दिवसाला 6-8 तास थेट ऊन नसेल तर हा नाद सोडलेला बरा. सावलीत ऊस उंच होतो, पण त्यात साखर भरत नाही. भर उन्हाळ्यात वाढलेल्या बेटाला रोज 4-5 लिटर पाणी लागतं. उंच बेट वाऱ्याने पिंपासकट आडवं होतं, म्हणून पिंप भिंतीलगत ठेवून ऊस दोन ठिकाणी सैल बांधा.

प्रश्न: चार महिन्यांत पंधरा-सोळा फुटवे आले. एकही बोटाएवढा जाड नाही.

फुटवे मोजून खूश होणारे फार, काढून टाकणारे थोडे. त्या पिंपात चार-पाच ऊसच पोसतात. जाड, सरळ फुटवे ठेवा, बाकीचे मातीलगत कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळं तुटतात. मग रिकामा ठेवलेला भाग माती आणि शेणखताने भरा. शेतातली मोठी बांधणी ती हीच. तिने नवे फुटवे थांबतात, खोडाच्या खालच्या पेरांना मुळं सुटतात आणि ऊस लोळत नाही. नंतर उशिरा एखादा जाडजूड, मऊ कोंब आलाच, तर तोही काढा. तो पाणी पितो आणि गोडी धरायला त्याला वेळच मिळत नाही.

प्रश्न: नवी पानं पांढरट-पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. युरिया दिला, फरक नाही.

पडणार नाही. नत्र कमी पडलं तर जुनी, खालची पानं आधी पिवळी होतात. नवी पानं पांढरी पडणं म्हणजे केवडा, लोहाची कमतरता. चुनखडीच्या मातीत किंवा क्षारयुक्त पाण्यात लोह असूनही मुळांना मिळत नाही. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी फवारा. आठवड्याच्या अंतराने दोन-तीन फवारण्या करा. पांढरं झालेलं पान पूर्ण सुधारलं नाही तरी चालेल, पुढचं पान हिरवं आलं का ते बघा.

प्रश्न: मधला पोंगा, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं, वाळला. ओढला तर सहज हातात आला.

खोडकीड. तो कोंब मातीच्या आतून कापून अळीसकट नष्ट करा. बेट लहान असेल तर शेजारून नवा फुटवा येतो.

प्रश्न: ऊस आठ फूट वाढला, जाडही आहे, पण गोडी नाही.

बहुतेकांची गाडी इथेच अडते. कारण सहसा एकच: खतपाण्याचा लाड शेवटपर्यंत चालू राहतो. नत्र आणि पाणी मिळतंय तोवर ऊस वाढत राहतो आणि तयार झालेली साखर वाढीतच खर्च होते. वाढ मंदावली की ती कांड्यांत साठते. म्हणून युरिया दीड, अडीच आणि चौथ्या महिन्यात, दर वेळी 8 ग्रॅम. चौथ्यानंतर बंद. म्युरेट ऑफ पोटॅश लागणीला आणि मोठ्या बांधणीला 6-6 ग्रॅम.

तोडणीआधीचे पाच-सहा आठवडे पाणी हळूहळू लांबवा. दुपारी पानं गुंडाळली आणि संध्याकाळी उलगडली तर ताण योग्य. सकाळीही गुंडाळलेली दिसली तर ताण जास्त झाला. थंड रात्री आणि स्वच्छ ऊन असेल तर गोडी लवकर भरते. लागणीपासून 11 ते 14 महिने धरून चाला.

हातातला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसाची गोडी मोजायचं उपकरण, असेल तर बुडख्याकडचा आणि वरच्या कांड्यांचा रस वेगवेगळा तपासा. दोन्ही आकडे जवळ आले आणि मधल्या कांडीचा ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या पदार्थांचा आकडा, 18 च्या वर गेला की तोडा. ब्रिक्स म्हणजे निव्वळ साखर नव्हे, क्षारही त्यात मोजले जातात. म्हणून एका आकड्यापेक्षा दोन टोकांतला फरक जास्त खरं सांगतो. तुरा आला असेल तर थांबू नका. वाढ थांबलेलीच असते, पुढे पांगशा, म्हणजे उभ्या उसावरच्या डोळ्यांचे कोंब, फुटतात आणि दशी पडते, म्हणजे ऊस आतून पोकळ-भुसभुशीत होतो. तोडलेला ऊस दोन दिवसांत संपवा.

प्रश्न: तोडल्यावर खोडवा ठेवावा का?

खोडवा म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक. ठेवा, पण ऊस मातीच्या अगदी लगत तोडला असेल तरच. वर बुडखा राहिला तर वरचे डोळे फुटतात आणि त्या कोंबांची मुळं मातीपर्यंत पोचत नाहीत. पाचट, म्हणजे वाळलेली पानं, जाळू नका, पिंपातच अंथरा. दोन खोडव्यांनंतर मुळांनी पिंप गच्च होतं, तेव्हा नवी लागण करा.

मात्र तोडलेला ऊस उभा चिरून पाहा. आत लाल रंग आणि त्यात आडवे पांढरे पट्टे दिसले तर ती लाल कूज. शेंड्यातून चाबकासारखा काळा दांडा निघाला असेल तर काणी, हाही बुरशीचाच रोग. दोन्हींत खोडवा नको. काणीचा चाबूक कापण्याआधी त्यावर पिशवी चढवून बांधा, मग बेट मुळासकट काढा.