हिरड्यांतून रक्त येते, मग ब्रश सोडावा का?

प्रश्न : मी रोज सकाळी कडक ब्रशने जोर लावून दात घासते, तरी हिरड्यांतून रक्त येते आणि थंड पाणी प्यायले की दातांच्या मुळाशी सणक जाते. सासूबाई अनेक वर्षे मशेरी लावतात. त्यांचे दात घट्ट आहेत, म्हणून मीही तेच करावे असे त्या सांगतात. योग्य पद्धत कोणती?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : ब्रश सोडू नका, जोर सोडा. रक्त येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे दात आणि हिरडी जेथे मिळतात त्या रेषेवर साचणारा जंतूंचा चिकट थर. आडवा, जोरकस ब्रश दाताच्या फुगीर भागावरूनच फिरतो, ती रेषा तशीच राहते आणि घर्षणाने हिरडी मात्र खाली सरकते. मग दाताचा मऊ भाग उघडा पडतो. तुम्हाला जाणवणारी सणक बहुधा तेथूनच येत असावी.

मऊ ब्रश घ्या, तो हिरडीकडे साधारण ४५ अंशांत तिरपा धरा आणि दोन-दोन दातांवर हलकेच, अगदी थोडे पुढेमागे फिरवा. दातांची आतली बाजू आणि दाढांचे माथे विसरू नका. सर्व मिळून दोन मिनिटे लागतात. फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरा आणि शेवटी फेस थुंकून टाका. लगेच खळखळून चूळ भरल्यास फ्लोराइड धुऊन जाते. तुम्ही केवळ सकाळी घासता, पण झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे रात्रीचे घासणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

कैरी खाल्ल्यावर दात आंबतात हे आपण सारे जाणतो. कैरी किंवा कोकम सरबत घेतल्यावर त्यातील आम्लाने दाताचे कवच काही काळ मऊ पडते, म्हणून नुसत्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रशसाठी किमान अर्धा तास थांबा.

मशेरी मात्र कृपया लावू नका. ती भाजलेली तंबाखू आहे; तिची सवय जडते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दात घट्ट असणे हा तोंड निरोगी असल्याचा पुरावा नव्हे.

दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबले नाही, तर दंतवैद्यांकडे जा, कारण घट्ट झालेले कीटण ब्रशने निघत नाही. मधुमेह असल्यास तेही सांगा. सासूबाईंनाही सोबत न्या. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा अथवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर ती दुखत नसली तरी त्याच भेटीत दाखवा.